चार रिमोट आणि एक स्टार्टर

२७ ऑक्टोबर १९९८, मंगळवार

ही वही संजीवनीने आणून दिली. म्हणाली, दिवसभर स्वतःशी पुटपुटता, त्यापेक्षा लिहून काढा, निदान माझे कान तरी सुटतील. बायकोने हौसेने आणलेली वस्तू कोरी ठेवणं परवडत नाही, म्हणून लिहितो.

सोमेश्वरनगरच्या कारखान्यातली हंगामी नोकरी सोडून बारामतीत भिगवण रस्त्याला गाळा घेतला, त्याला दोन महिने झाले. पाटीवर ‘सर्व प्रकारची इलेक्ट्रॉनिक कामे’ असं झोकात रंगवून घेतलं. आजवर आलेली सर्व प्रकारची कामं म्हणजे इस्त्र्या, मिक्सर आणि एक बोलकी बाहुली, जी दुरुस्त केल्यावर बोलायची थांबतच नव्हती. सहा वर्षं मी माणसापेक्षा उंच पॅनेलं सांभाळली, हे इस्त्रीवाल्यांना सांगून काय उपयोग.

आज मात्र खरं काम आलं. शेळगावचे दादासाहेब. रस्त्यांची कंत्राटं घेतात, बायको-मुलीसह इथं बारामतीत राहतात. आईवडील मात्र शेळगावची वस्ती सोडायला तयार नाहीत. श्रावणात वडिलांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी आणि वाचा पूर्ण बंद. डॉक्टर म्हणाले, जिवंत माणसांचे आवाज कानावर पडू द्या, ओळखीची गाणी लावा, काहीतरी उमटेल. दादासाहेबांनी दिवाळीत पुण्याहून अख्खं होम थिएटरच आणलं. एकोणतीस इंची टीव्ही, डिशचा रिसीव्हर, सीडी प्लेयर, अँप्लिफायर, टेपडेक, पाच स्पीकर आणि एक भलामोठा धडधड्या, म्हणजे सबवूफर. शिवाय स्टॅबिलायझर, सगळं एका कपाटात मांडलेलं. चार रिमोट आणि सहा पिना.

नात सृष्टी होती तोवर सगळं चाललं. सुट्टी संपली, ती बारामतीला परत आली. आता तिकडे दोन म्हातारी माणसं आणि मुकं कपाट.

“आईला एका बटणात चालू करता आलं पायजे,” दादासाहेब म्हणाले. “मी आठवड्यातनं एकदा जातो. त्या एका दिवसानं आबा बोलायचं न्हाईत.”

मी म्हटलं, करतो. त्यात काय अवघड आहे.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

शेळगावला जाऊन आलो. कपाटामागे हात घातला तर वायरींचा नुसता गुंता. ज्याने जोडलं त्याला माझा नमस्कार.

आजींचं नाव तानूबाई. साठी ओलांडलेली, काटक बाई. त्यांना सगळा क्रम तोंडपाठ होता. आधी खालची पिन, मग वरची, मग काळा रिमोट, मग बारका, मग परत काळा. माझ्यादेखत त्यांनी करून दाखवलं. दुसऱ्या रिमोटला चुकल्या, पडद्यावर मुंग्या आणि धडधड्यातून खरखर. त्यांनी रिमोट दोन्ही हातांनी अलगद खाली ठेवला आणि पदराने उगाच पडदा पुसला. मला वाईट वाटलं. बाईने पाच पोरं वाढवली, शंभर मेंढरं घेऊन कोकणापर्यंत चालल्या, आणि वीतभर प्लास्टिकने त्यांना गप्प केलं होतं.

आबा म्हणजे सोनबा खोलीतच कॉटवर असतात. छताकडे बघत. माझ्या नमस्काराकडेही त्यांनी पाहिलं नाही.

आजींना टीव्हीचं काही नाही. त्यांना एक कॅसेट लावायची असते. चौदा वर्षांपूर्वी बिरोबाच्या जत्रेत कुणीतरी भरलेली, धनगरी ओव्यांची. गाणारे गेणूतात्या, आबांचे चुलतभाऊ. ते चार वर्षांपूर्वी वारले. “त्ये म्होरं म्हणायचे, ह्ये मागनं झेलायचे,” आजी म्हणाल्या. पुढच्याने ओळ सोडली की मागच्याने ती उचलायची, त्याला ते झील म्हणतात. आबा सबंध आयुष्य गेणूतात्यांचे झीलकरी. आमचं घर कऱ्हाटी गावचं, टोमॅटो-वांगी पिकवणारं. आमच्यात हे कुणी गात नाही, त्यामुळे मला त्यातलं फार कळत नाही.

कॅसेट लावून दिली. आबा तेव्हाही छताकडेच बघत होते.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

डोकं चाललं बरं का. विहिरीच्या मोटारीला ऑटो लावतात ना, लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते आणि शेतकरी घरात निवांत असतो. तेच मी होम थिएटरला लावलं. एक बटण दाबून ठेवायचं. आधी स्टॅबिलायझर उठतो, मग डिश आणि टीव्ही, दहा सेकंदांनी अँप्लिफायर, म्हणजे स्पीकरला धक्का बसत नाही. लाइट गेली तरी काळजी नाही, आली की सगळं पुन्हा सुरू. हात लावायचं कामच ठेवलं नाही.

आज बसवून आलो. आजींना सांगितलं, आता तुम्ही काहीच करायचं नाही. त्या म्हणाल्या, “बरं बाबा.” चेहऱ्यावर म्हणावा तसा आनंद दिसला नाही. जुनी माणसं, सवय व्हायला वेळ लागतो.

११ नोव्हेंबर, बुधवार

शेजारच्या एसटीडी बूथवाल्याने हाक मारली, शेळगावचा फोन आहे म्हणून. दादासाहेब होते.

झालं असं. इंदापूरची चार पावणे मंडळी आबांना बघायला आली होती. कॉटभोवती बसून, सोनबा किती धट्टाकट्टा होता वगैरे हळू आवाजात चाललेलं. तेवढ्यात लाइट आली. डिशवर कुठलं तरी नाचगाणं लागलेलं, आवाज पूर्ण. पाच स्पीकर आणि धडधड्या एकदम गरजले. एका आप्पांच्या धोतरावर चहा सांडला. पलीकडच्या वस्तीवरची माणसं कुणाची हळद आहे म्हणून बघायला आली. आजींना बंद करता येईना, कारण बंद करायचं बटण मी कपाटामागे ठेवलं होतं. शेवटी त्यांनी पिन उपसली.

संजीवनीला सांगितलं तर ती डोळे पुसेपर्यंत हसली. मग म्हणाली, “त्या आजींना काय काय चालू करता येतं, ते विचारलंत का?”

मी म्हटलं, त्यांना काय येणार, त्यांना रिमोट धरता येत नाही.

“मी काय येत नाही ते नाही विचारलं,” ती म्हणाली.

ही नेहमी असंच काहीतरी बोलते.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑटो काढायला गेलो. आजी घरात नव्हत्या, विहिरीवर होत्या. तिकडे गेलो तर त्या मोटार चालू करत होत्या. पाच हॉर्सपॉवरची मोटार. आधी तिन्ही दिवे बघितले, तीन फेज आहेत ना. मग स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं, पाइपाला हात लावला, कान दिला, नाक मुरडलं, लाल दाबलं, थोडं थांबून पुन्हा हिरवं. पाणी पडल्यावरच हात काढला. मी विचारलं, किती वर्षं करता हे. म्हणाल्या, “मोटार बसली तवापास्नं. ह्येंचा हात गाण्यातच असायचा.”

मी तिथेच बांधावर बसलो. लाज वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम. ज्या बाईला चाळीस एकरांतली सगळ्यात धोक्याची वस्तू आवाजावरून कळते, तिच्यासाठी मी बटण कपाटामागे लपवून ठेवलं होतं.

१८ नोव्हेंबर, बुधवार

स्टार्टर केला. अगदी मोटारीचा असतो तसा. लोखंडी पेटी, वर हिरवं बटण, खाली लाल. बाजूला एक मूठ, डावीकडे वळवली की टीव्ही, उजवीकडे वळवली की गाणी. लाइट गेली की आतली कॉइल सोडते, मग हिरवं दाबल्याशिवाय काही सुरू होत नाही. पावण्यांच्या धोतरांना आता धोका नाही.

आणि रिमोटवाला डेक काढून माझ्या गाळ्यातला जुना खटक्यांचा डेक बसवला. त्याचा खटका एकदा दाबला की दाबलेलाच राहतो, त्यामुळे गाणं जिथं थांबलं तिथूनच पुढे सुरू होतं. नव्या डेकला ते जमत नाही. चारही रिमोट एका पिशवीत बांधून खुंटीला लावले.

पेटी आबांच्या कॉटच्या डाव्या अंगाला बसवली, कारण तिथं आधीचा खिळा होता.

आजींनी हिरवं दाबलं. दहा सेकंदांनी गेणूतात्या गायला लागले. आजींनी पेटीला हात लावून तो कपाळाला लावला. परतताना एम-एटी गाडीवर मी एकटाच मोठमोठ्याने गात होतो, जे मी एरवी करत नाही.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

दादासाहेब गाळ्यावर येऊन गेले. आई खूश आहे म्हणाले, पण पेटीत दोष दिसतो. शेजारी सांगतात, गाणं सारखं थांबतं आणि सुरू होतं, दिवसातून पन्नास वेळा.

माझ्या पेटीत दोष? बघतोच.

३० नोव्हेंबर, सोमवार

सगळं उघडून तपासलं. कॉइल चांगली, कॉन्टॅक्ट चांगले, मीटरचा काटा जागचा हलत नाही. आजी म्हणतात, “काय न्हाय मिस्तरी, ब्येस चाललंय.”

मग पडवीत चहा पिताना दारातून बघितलं आणि उलगडा झाला. दोष पेटीत नाही, आजींच्यात आहे. गाणं रंगात आलं की त्या लाल दाबतात. टक. गप्प बसून राहतात. मग हिरवं. पुन्हा गाणं, पुन्हा लाल. मी आत जाऊन समजावलं की आजी, लाल शेवटी दाबायचं, सगळं संपल्यावर. शिवाय गाणं चालू असताना बंद केलं तर डेकचा रबरी रोलर टेपवर तसाच दाबून राहतो, कॅसेटवर वळ उठतात. त्या म्हणाल्या, “व्हय बाळा.” मी गाडीला किक मारेपर्यंत आतून पुन्हा टक.

वय झालं. हात थरथरत असेल. गंमत म्हणजे गेणूतात्यांची ओळ संपायला आणि त्यांचा हात घसरायला दरवेळी एकच गाठ पडते.

५ डिसेंबर, शनिवार

कारखान्यात इमर्जन्सीच्या बटणावर झाकण असतं, चुकून हात लागू नये म्हणून. तसं पत्र्याचं झाकण करून लाल बटणावर बसवून आलो. उचलायला जरा जड ठेवलंय, मुद्दामच.

९ डिसेंबर, बुधवार

झाकण खिडकीत ठेवलं होतं. मुळासकट उपसलेलं. विळ्याच्या पाठीने उचकटलं असावं. “तुझं झाकण ठिवलंय बघ जपून,” आजी म्हणाल्या, जणू मी ते विसरून गेलो होतो.

मला राग आला. माणूस इतक्या लांबून येतो, भलं करायला बघतो, आणि ही बाई ऐकून घेत नाही. वर त्यांनी नवीनच काम सांगितलं. लाल दाबल्यावर गाणं रडत रडत बसतं, तसं नको, ते एकदम तुटलं पाहिजे. मी म्हटलं, डेकची मोटार थांबायला जरा वेळ घेते, तोवर आवाज ओढला जातो. “मग तू मिस्तरी कशापायी?” त्या म्हणाल्या. डिवचल्यावर मी गप्प बसणाऱ्यातला नाही. अँप्लिफायर आधी तुटेल आणि डेक नंतर, अशी जोडणी करून दिली. आता गाणं कापल्यासारखं तुटतं. कुणाला असं गाणं कशाला हवं असतं, देव जाणे.

आबा आज छताकडे बघत नव्हते. मी काम करत होतो तेवढा वेळ पेटीकडे बघत होते. लोखंडी पेटीत बघण्यासारखं काय आहे?

२० डिसेंबर, रविवार

लोडशेडिंग वाढलंय. दादासाहेबांनी ठरवलं की वस्तीवर बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवायचा, म्हणजे गाणं थांबण्याचा प्रश्नच मिटेल. मी सुचवलं की लाल बटणही काढून टाकू, बंद करायची चावी उंचावर लावू. ते म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

रात्री जेवताना संजीवनीला सांगितलं. तिने भाकरी मोडता मोडता विचारलं, “लाल का दाबता, असं एकदा तरी विचारलंत का त्यांना?”

मी म्हटलं, चुकून दाबतात.

“रोज पन्नास वेळा? विळ्याने झाकण काढून?”

मी घास गिळला. आठवून बघितलं. दोन महिन्यांत मी आजींना सांगितलं पुष्कळ. विचारलं एकदाच, विहिरीवर, आणि त्याच दिवशी माझं काम झालं होतं.

२ जानेवारी १९९९, शनिवार

आज सगळं सविस्तर लिहितो.

बॅटरी जड, म्हणून दादासाहेबांच्या जीपमधून गेलो. तेही सोबत होते. दुपारचे तीन वाजले असतील, आजी आबांच्या डाव्या बाजूला पेटीपाशी बसल्या होत्या. गाणं चालू होतं. दादासाहेब ड्रायव्हरकडून बॅटरी उतरवून घ्यायला मागे थांबले. मी आत गेलो, नमस्कार केला आणि उभ्या उभ्याच विचारून टाकलं. आजी, तुम्ही लाल का दाबता?

त्यांनी कॉटशेजारी बोट दाखवलं.

“बस हितं,” त्या म्हणाल्या. “आन बोलू नगंस.”

मी खाली बसलो. गेणूतात्या गात होते. ‘वाडा उतरला माझ्या देवाचा, नीरंच्या काठाला…’ आणि टक. आवाज कापल्यासारखा तुटला. मी केला होता तसाच, स्वच्छ. खोलीत इतकी शांतता झाली की बाहेर जीपचं दार लागल्याचं ऐकू आलं.

आबांचा ओठ हलला. डावी बाजू, थोडीशी. मान ताणली गेली, गळ्याची शीर वर आली. आणि जड, वाकडातिकडा, ओल्या चिखलातून पाय उपसावा तसा आवाज आला.

‘काठा… ला… में… ढरं…’

एवढंच. पुढचं राहिलं. आजींनी हिरवं दाबलं. गेणूतात्यांनी पुढची ओळ घेतली.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तेही लिहून ठेवतो, वही माझीच आहे.

आजी हळू आवाजात सांगायला लागल्या. पेटी बसवली त्याच आठवड्यात गाणं चालू असताना लाइट गेली. ओळ मध्येच लटकली. आजी हिरवं दाबायला उठल्या तर आबांचा ओठ हललेला दिसला. लाइट असताना गेणूतात्यांच्या मागून झील धरणारे कॅसेटमध्ये होतेच, त्यामुळे आबांना काही करायला लागत नव्हतं. लाइट गेली आणि झील धरायला कुणी उरलं नाही. आताही हिरवं दाबल्यावर डेक लगेच फिरतो आणि आवाज दहा सेकंदांनी येतो, तेवढ्यात कॅसेटमधली झील मुकाट निघून जाते.

“बत्तीस वरीस झील धरलीया त्येंनी,” आजी म्हणाल्या. “गेणूभावजींची ओळ अशी उघडी टाकवंल व्हय त्यास्नी? मग लाइटीची वाट कशापायी बघायची, मीच तोडाय लागले.”

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही. मी झाकण बसवलं, रोलरचं भाषण दिलं.

“आधी नुसता ओठ हालत व्हता. माझंच डोळं फसत्यात का काय, म्हनून गप ऱ्हायले. पोराला खोटी आशा कशाला लावायची.” मग म्हणाल्या, “आन तू इचारलंस कवा?”

दादासाहेब दारात उभे होते. कधी आले कळलं नाही. बॅटरीची एक कडी त्यांच्या हातात, दुसरी ड्रायव्हरच्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं, कारण बॅटरी खाली ठेवायचंही त्यांना सुचत नव्हतं. “आबा,” एवढंच म्हणाले. मग चपला न काढताच आत आले आणि कॉटच्या पायथ्याशी बसले. ड्रायव्हर बॅटरी परत जीपकडे घेऊन गेला, कुणी न सांगता.

मी उठलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, आजी, लाल बटण मोठं करून देतो, तुमच्या हाताला सोपं जाईल. त्या म्हणाल्या, “माझ्या हाताला न्हवं. बघ.”

आणि पेटीपासून जरा मागे सरकल्या.

गेणूतात्या गातच होते. आबांचा डावा हात गोधडीखालून निघाला. कॉटच्या कडेवरून हळूहळू पेटीकडे गेला, एकदा चुकला, पत्र्यावर आपटला, पुन्हा वर आला. माझा हात पुढे जात होता, तो मी मांडीखाली दाबून धरला. ओळ संपत आली. ‘बिरुदेवाच्या घोंगडीला सोन्याचा…’

टक.

आबांनी श्वास घेतला. या वेळी डोळे मिटून घेतले होते. ‘सोन्या… चा… काठ…’ आणि मग जे राहिलं होतं तेही, अगदी बारीक, पण पूर्ण. ‘गं… बाई.’

आजींनी हिरव्याला हात लावला नाही, दादासाहेबांनी नाही. आबांची बोटं लालवरच होती. हिरवं त्याच्या वर, तिथवर त्यांना हात नेता येत नव्हता. त्यांनी डोळे उघडले. खोलीत पेटीच्या सगळ्यात जवळ मीच होतो. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, कामावर रेंगाळणाऱ्या गड्याकडे बघावं तसं.

“दाब,” ते म्हणाले.

मी हिरवं दाबलं. दहा सेकंद गेली, आणि गेणूतात्यांनी पुढची ओळ घेतली.